उजवीकडच्या काचेतले दिवे

४ फेब्रुवारी

धाकटे,

पार्सल मिळालं. खोका शाबूत आहे, आणि आईने त्यावरून इतक्या वेळा हात फिरवलाय की आत ग्राफिक्स कार्ड नसून नातवंड आहे असं कुणालाही वाटावं. हे सगळं आईने फोनवर तुला सांगितलंच असेल. तरी मी लिहितेय, कारण चिठ्ठीच्या शेवटी माझ्यासाठी दोन ओळी होत्या. "ताई, बसवून देशील ना? आणि आईला खरंच फरक पडतो का ते कळव." दोन वर्षांनी दोन ओळी, आणि त्यातही काम सांगितलंस.

फोनवर मी येणार नाही. आपण बोललो की तिसऱ्या वाक्याला जुंपते. मागच्या वेळी तू म्हणालीस, "तू आयुष्यभर स्क्रूच पिळत बस," आणि मी फोन ठेवला तो ठेवलाच. कागदावर निदान कुणी मध्ये बोलत नाही.

तर फरक. माझ्या दुकानात दिवसाआड हाच प्रश्न येतो. कालच समोरच्या गल्लीतला शिंपी आला होता. दिवसभर शिवतो, संध्याकाळी तासभर फुटबॉलचा खेळ खेळतो, तोही आठ वर्षांपूर्वीचा. म्हणाला, "ताई, ते नवीन शेडरवालं कार्ड घेऊ का? म्हणे गवताचं पातंन् पातं दिसतं." मी विचारलं, "तुम्ही बॉल बघता की गवत?" म्हणाला, बॉल. मग मी त्याच्या मशीनमधली मूठभर धूळ काढली, पंखा बदलला, थोडी मेमरी वाढवली. खेळ अडखळायचा थांबला आणि माणूस खूश होऊन गेला.

लोकांना शेडर म्हणजे काय हे मी असं सांगते: पडद्यावर लाखो ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्याला 'तू आता ह्या रंगाचा हो' असं सांगणारा हुकूम म्हणजे शेडर. नवीन कार्ड जास्त अवघड हुकूम पाळतं. ते हुकूम नीट वापरणारे खेळ अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यातही खेळ जरा रखडला की लोक सगळ्यात आधी तेच बंद करतात. तू हुकूम लिहितेस. ते बंद करणारी बोटं मी बघते, रोज, काउंटरच्या ह्या बाजूने.

आणि तुझा तो प्रसिद्ध हुकूम. पूर्वी खेळातल्या काचेत किंवा ओल्या रस्त्यावर जे पडद्यावर आहे तेवढंच उमटायचं, नाहीतर एक ठरलेलं धुरकट चित्र चिकटवलेलं असायचं. आता पडद्याबाहेरची गाडीसुद्धा समोरच्या दुकानाच्या काचेत उमटते. छान आहे. मासिकात तुझा फोटोही छान आलाय, केस कापलेस ते शोभतात. आईने तो लेख शेजारच्या नर्सबाईंकडून चार वेळा वाचून घेतला. चष्मा सापडत नाही म्हणे. चौथ्या वेळी मी जिन्यात उभी होते आणि नर्सबाई म्हणाल्या, "धाकटीने नाव काढलं हं." आई म्हणाली, "पहिल्यापासूनच तशी." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून ते मला विचारायचं होतं. मशीन उघडायचं कसं हे तुला कुणी शिकवलं तेही तिला विचारायचं होतं. मी खाली येऊन एका मॉनिटरची वायर उगाच दोनदा सोल्डर केली.

हो, पोटात दुखलं. लिहायला लाज वाटत नाही, तुला ते आधीच माहीत आहे.

आईचं तुला ठाऊकच आहे. सव्वीस वर्षं कंडक्टर म्हणून बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे उभी राहिली, आणि आता रिटायर झाल्यावर रोज दुपारी दोन तास खेळातली बस चालवते. निघताना अजूनही टेबलावर दोन टिचक्या मारते, डबल बेल. स्टॉपची नावं खेळातल्या बाईच्या आधी स्वतः पुकारते. तिच्याइतका रोज नेमाने खेळणारा माणूस माझ्या गिऱ्हाइकांतही नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडूनच घेऊ. कार्ड मी बसवलंय. तुझा हुकूम काही दिवस चालू ठेवीन, काही दिवस बंद, आणि आईला सांगणार नाही. बघू तिला कळतं का.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

चौदा दिवस झाले. सात चालू, सात बंद, क्रम मी चिठ्ठ्या टाकून ठरवला म्हणजे तू उद्या म्हणायला नकोस की ताईने लबाडी केली. रोज खेळ संपल्यावर मी एकच प्रश्न विचारला, "आज कसं दिसत होतं?" आणि आईने चौदाही दिवस एकच उत्तर दिलं, "कालच्यासारखंच."

चौदापैकी चौदा. मी दुकानात येऊन हसले, अगदी एकटीच. तू तीन वर्षं राबलीस, तुझ्या कंपनीने गाजावाजा केला, नर्सबाईंनी चार वेळा वाचलं, आणि जिच्यासाठी तू ते हौसेने पाठवलंस तिला 'कालच्यासारखंच'.

नवव्या दिवशी मला राहवलं नाही. चालू होतं. पाऊस पडून गेलेला रस्ता, संध्याकाळ, उजवीकडे दुकानांच्या मोठमोठ्या काचा, त्यांत दिवेच दिवे. खोटं का बोलू, मी क्षणभर स्टुलावर बसले. सुंदर केलंयस तू. मी म्हटलं, "आई, काचा बघ की." ती म्हणाली, "बघतेच आहे ना मी काचाच." आणि ब्रेक मारला, डावीकडून एक टेम्पो आडवा गेला. ती म्हणाली, "मेला टेम्पोवाला." इतकंच. कौतुकाचा एक शब्द नाही.

बाकी तिचं चालवणं जरा घसरलंय. डावीकडचा कठडा घासते, स्टॉपवरची डावीकडची माणसं तशीच उभी ठेवून निघते, आणि मग खेळ तिचे गुण कापतो. वय झालं. पूर्वी एक प्रवासी सोडायची नाही. मी चिडवलं तर म्हणते, "मागून दुसरी येतेय, तिने जा." कंडक्टर ती कंडक्टरच.

तुझा विश्वास बसणार नाही म्हणून चौदाही दिवसांचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून सोबत पाठवतेय. प्रत्येक फाइलच्या नावात चालू की बंद लिहिलंय. सवडीने बघ. आणि तुमच्या त्या मोठ्या लोकांना सांग की एका रिटायर कंडक्टरबाईंना काही फरक पडला नाही.

शिंप्यालाही सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं ताई, मी घेतलं नाही. हे मी तुला का कळवतेय ते मलाच नीट सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाला हा निकाल सांगून उपयोग नव्हता.

ताई


१५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र काल आलं. मी ते तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा नाकाला मिरच्या झोंबल्या.

म्हणजे तुला असं म्हणायचंय की तू कामावरून येऊन सगळी अठ्ठावीस तासांची रेकॉर्डिंगं बघितलीस, आणि मोजलंस. बंद असलेल्या सात दिवसांत आईला डावीकडून येणाऱ्या गाड्यांची एकतीस वेळा धडक बसली. चालू असलेल्या सात दिवसांत चार वेळा. कारण चालू असताना डावीकडून येणाऱ्या गाडीचे दिवे उजवीकडच्या दुकानांच्या काचेत उमटतात, आणि आई ते बघून ब्रेक दाबते. आणि मग तुझं ते वाक्य, खाली रेघ ओढून: "ताई, डावीकडची गाडी आई उजवीकडच्या काचेत का बघतेय? सरळ डावीकडे का बघत नाही? तिचे डोळे ताबडतोब तपास. मी तिला फोनवर विचारलं तर ती 'ठणठणीत' म्हणून हसण्यावारी नेते. तू ने."

वा. म्हणजे तुझा हुकूम फुकट गेला असं मी म्हटलं, तर निघालं काय, हुकूम झकास, खोट आईच्या डोळ्यांत. मानलं तुला. लहानपणीही पत्त्यांत हरलीस की पत्ते कुणीतरी नीट पिसले नाहीत असंच तुझं म्हणणं असायचं.

मी इथे आहे, आई इथे आहे. सकाळचा चहा, दुपारची गोळी, जिना, दूध, लाइट बिल, नर्सबाईंशी तिचं वाजतं ते मिटवणं, सगळं मी डोळ्यांत तेल घालून बघते. आणि समुद्रापलीकडून तू मला सांगणार की आईला काय दिसतं आणि काय नाही.

तरी, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगते, डोळे तपासून आणले. सगळं ठीक आहे. चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय, तो बदलून घेऊ. डॉक्टर म्हणाले, ह्या वयाला उत्तम. आईशी ह्याबद्दल फोनवर बोलू नकोस. दवाखान्यात जाऊन आल्यापासून ती उगाच घाबरलीय आणि तिचं ब्लडप्रेशर वर जातं.

कार्डाबद्दल म्हणशील तर तुझा हुकूम मी आता कायम चालू ठेवलाय. तू म्हणालीस म्हणून नव्हे. मशीनला झेपतंय, म्हणून.

ताई


६ एप्रिल

धाकटे,

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, दुकानात गर्दी होती. परीक्षा संपल्या की सगळ्यांनाच मशीन नवीन करायची घाई होते.

चष्म्याचा नवा नंबर किती आला ते तू विचारलंस. कागद कुठेतरी ठेवलाय, सापडला की कळवते. डॉक्टरांचं नाव तुला कशाला हवं? तू काय तिथून त्यांना फोन करणार आहेस? एकदा सांगितलं ना ठीक आहे म्हणून.

आई मजेत आहे. चहा हल्ली मीच ओतते, तिचा कपाबाहेर जातो. वर्तमानपत्राची डावीकडची बाजू वाचताना मान फिरवते, ती तिची जुनी खोड असेल, मी कधी नीट पाहिलं नव्हतं. रविवारी तुझ्याशी फोनवर बोलून झालं की संध्याकाळपर्यंत तुझंच चालू असतं. धाकटी म्हणाली असं, धाकटी म्हणाली तसं. मी भांडी जरा जोरात आपटते. तिला वाटतं मला फडकं सापडत नाही.

तू येणार होतीस उन्हाळ्यात, त्याचं काय झालं? म्हणजे मी बोलावत नाहीये. खोली झाडून ठेवायची की नाही एवढंच ठरवायचंय.

ताई


२९ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी महागाच्या कुरिअरने पाठवतेय, तीन दिवसांत पोचेल म्हणाला. रविवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं.

डोळे मी तपासले नव्हते. १५ मार्चला लिहिलं ते सगळं खोटं होतं. डॉक्टर नाही, चष्म्याचा नंबर नाही, ब्लडप्रेशर नाही. काही नाही.

मागच्या बुधवारी, बावीस तारखेला, आई आणि मी दुकान अर्धा तास बंद ठेवून औषधं आणायला निघालो होतो. मी तिच्या उजवीकडे होते. कोपऱ्यावर तिने पाऊल खाली टाकलं आणि डावीकडून येणारी सायकल सरळ तिच्यावर आली. सायकलवाल्या बाईने चांगली लांबून घंटी वाजवली होती, मी ऐकली होती. आई पडली, मनगट सुजलं, हाड वाचलं. ती बिचारी बाई रडायला लागली. आई रस्त्यावर बसूनच तिची समजूत काढत होती, "तुझी चूक नाही गं, मला दिसलीच नाहीस." सव्वीस वर्षं पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या फटीतून रस्ता बघितलेली बाई.

मी तिथूनच रिक्षा करून तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मनगटाचं नंतर बघितलं.

काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याचीही नाकाकडची बाजू बरीच गेलीय, म्हणून दोन्ही डोळे उघडे असले तरी डावीकडचं तिला दिसत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेने गुपचूप जातं, म्हणून बऱ्याच जणांना कळतच नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. उजव्यातलं जे उरलंय ते थेंबांनी आणि एका छोट्या ऑपरेशनने टिकेल, असं त्यांना वाटतं. ऑपरेशन मंगळवारी आहे.

मग आईला बाहेर बसवून मी त्यांना एकटीच भेटले. विचारलं, एकोणचाळीस दिवस आधी आणलं असतं तर? त्यांनी विचारलं, एकोणचाळीसच का? मी प्रश्न पुन्हा विचारला. त्या म्हणाल्या, दाब फार जास्त होता, तेवढ्या दिवसांत काहीतरी गेलं असणार, पण किती ते कुणीच सांगू शकणार नाही. धाकटे, त्यांनी आकडा दिला असता तर मला बरं झालं असतं. कितीही मोठा असता तरी.

आता पुढचं. तुला हे वाचून वाटेल की ताईने रागाच्या भरात पत्र खोटं ठरवलं, तिला खरंच वाटलं असेल की डोळे ठीक आहेत. तसं नाही. चौदा मार्चला, म्हणजे त्या बुधवारच्या एकोणचाळीस दिवस आधी, तुझं पत्र वाचल्यावर, त्याच संध्याकाळी, मी आईच्या डाव्या हाताला बसले आणि तिच्या कानाच्या रेषेत हात धरून बोटं हलवली. तिने बघितलं नाही. मी हात थोडा पुढे आणला. नाही. आणखी पुढे, गालाच्या अगदी समोर, तेव्हा दचकली आणि म्हणाली, "अगं, माशी आहे का?" मी म्हटलं, "हो." म्हणजे तू बरोबर होतीस हे मला तुझं उत्तर लिहिण्याच्या आधी माहीत होतं.

मग नेलं का नाही? मी स्वतःशी असं ठरवलं की आठ-दहा दिवस जाऊ द्यायचे. तुझं पत्र जरा जुनं होऊ द्यायचं. मग एक दिवस जणू माझ्याच लक्षात आलंय असं करून आईला न्यायचं. ताईच्या लक्षात आलं, असं व्हायला हवं होतं मला. त्यासाठी थांबले. आठ दिवसांनी दुकानात गर्दी झाली. मग तुझं पत्र आलं, त्यात पुन्हा तेच, आणि मला वाटलं आता नेलं तर ते तुझ्यामुळेच नेल्यासारखं होईल, म्हणून आणखी थोडे दिवस. मग चेहऱ्याला एक लाज चिकटली आणि तिने आणखी दिवस खाल्ले. एवढं साधं आहे हे.

तीच रेकॉर्डिंगं मी तुझ्याआधी बघितली होती. सगळी. मी त्यांत आईला बघतच नव्हते, तुला हरताना बघत होते. तू इतक्या लांबून, असल्या बारक्या चौकटीत, तिचा डोळा ओळखलास. मला अजून त्याचाच राग येतो. आई डाव्या डोळ्याने आंधळी झाली आणि मला राग येतो की ते तुला आधी दिसलं. माझ्यासारखी दुसरी कुणी असेल तर मला तिला भेटायचंय.

दुकानाचं म्हणशील तर शिंपी परवा पुन्हा आला, मित्राला घेऊन. मित्राला तेच विचारायचं होतं, नवीन शेडरचा आपल्यासारख्याला काही उपयोग आहे का. मी अजूनही नकोच म्हटलं. बॉल बघणाऱ्याला नकोच. पण आधी त्याला विचारलं, खेळताना तुम्हाला काय दिसत नाही? तो म्हणाला, ताई, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. आई मात्र तुझा हुकूम बंद करू देत नाही. मी तिला आता कुठे सांगितलं की काचांतले ते दिवे म्हणजेच लेखातला तुझा हुकूम, आणि तो मी मधूनमधून बंद करत होते. म्हणाली, "तरीच. काही दिवस काचा मुक्या असायच्या." मी म्हटलं, मग रोज 'कालच्यासारखंच' का म्हणायचीस? ती म्हणाली, "बघायला त्रास होतो म्हटलं असतं तर खेळ बंद केला असतास तू." खरंच केला असता. मी पडदा उजवीकडे सरकवून दिलाय आणि सगळं चित्र थोडं लहान केलंय, आता डावीकडचे स्टॉप तिच्या उरलेल्या नजरेत येतात. काल एकही प्रवासी सोडला नाही.

आता जे खरं सांगायचंय ते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे लक्षात कुणाच्या आलं? अगदी वेळेवर नाही, पण आणखी उशीर झाला असता तर दुसराही गेला असता." आणि आई म्हणाली, "माझी ताई. दुकान बंद करून तशीच घेऊन आली मला. हातही बघू दिला नाही आधी." असं म्हणून तिने बरा असलेला हात माझ्या पाठीवर ठेवला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून हसल्या. मी थेंबांची चिठ्ठी मागितली.

त्या दिवसापासून आई हेच सगळ्यांना सांगतेय. नर्सबाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, डेपोतली तिची जुनी मैत्रीण आली होती तिला दोनदा सांगितलं. "ताई होती म्हणून एक डोळा राहिला." मी जिन्यात उभी राहून ऐकते. धाकटे, मी पस्तीस वर्षं हे एक वाक्य ऐकायला टपून बसले होते. तुझा फोटो छापून आला तेव्हा, तुला बक्षीस मिळालं तेव्हा, तू गेलीस आणि मी राहिले तेव्हासुद्धा. आणि ते मिळालं ते असं. तुझ्या मालकीचं, माझ्या नावावर. मी दोनदा सांगायला गेले. पहिल्यांदा ती झोपली होती. दुसऱ्यांदा जागी होती, मी "आई" म्हटलं आणि तिने माझा हात हातात घेतला, आणि मी विचारलं, "थेंब घालू का?"

रविवारी तू फोन करशील तेव्हा ती तुलाही हेच सांगणार. त्या वेळी मी दुकानात जाणार नाही. तिच्या उजवीकडे बसेन, तिला मी दिसेन अशी. फोन स्पीकरवर ठेवीन. तिचं सांगून झालं की मी सांगेन, चौदा मार्चपासून सगळं, माशीसकट. तू ऐकत असलीस की मला मागे फिरता येणार नाही, म्हणून तुझ्यासमोर.

तुझ्याकडून एकच हवंय. मला ओळखतेस तशी मीही तुला ओळखते. मी अर्ध्यावर अडखळले की तुझं मन भरून येईल आणि तू म्हणशील, "असू दे ताई, तू तरी काय करणार." तसं म्हणू नकोस. आई ऐकत असताना तर मुळीच नको. मग ती दिवसभर सांगत बसेल की धाकटीचं मन किती मोठं, आणि मी आत कुठेतरी पुन्हा जळत बसेन, ह्या सगळ्यानंतरसुद्धा. माझं बोलून होईपर्यंत तू काही बोलू नकोस. नंतर आईला जे बोलायचंय ते ती बोलेल, आणि मी उठून जाणार नाही.

ताई